ताकद तेवढीच आहे, मग पाय उशिरा का निघतात?

अनवट

वय वाढलं की ताकद जाते असं सगळे सांगतात. माझी ताकद फारशी गेलेली नाही, चपळता मात्र गेली आहे, आणि याचं नीट उत्तर मला अजून मिळालेलं नाही. म्हणून हा धागा.

वय ५४. बॅडमिंटन पंचविशीपासून खेळतोय. पायांनी जेवढं वजन चाळिशीत ढकलत होतो तेवढंच आजही ढकलतो. सलग तीन गेम खेळायचा दम आहे. पण समोरच्याने जाळीजवळ अलगद शटल टाकलं की शटल दिसतं, कुठे पडणार ते कळतं, पाय मात्र निघत नाहीत. निघतात तोवर शटल खाली. डावीकडे निघालोय आणि एकदम उजवीकडे वळायचंय असं झालं तर हा उशीर आणखी जाणवतो.

स्नायू ढिले पडलेत, की मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचायला वेळ लागतोय? आणि गेलेल्यातलं किती परत मिळतं? डॉक्टर, फिजिओ, खेळाडू, ज्यांना जे माहीत असेल त्यांनी सविस्तर लिहा. "वय झालं, आता चालायला जा" हे उत्तर भरपूर ऐकून झालंय.

चांदणचुरा

अगदी हेच! मी ४९ वर्षांची, खेळबिळ काही नाही. पण टेबलावरून घरंगळणारा पेला पूर्वी हवेतल्या हवेत पकडायचे. आता हात पोचतो तेव्हा पेला जमिनीवर असतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

एकांडा_गडी

जाणकार येईपर्यंत एक उपाय: समोरचा तुमच्याच वयाचा असेल तर तुम्हीही जाळीजवळच टाका. :)

सांधेजोड

अनवट, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारे पुष्कळ भेटतात आणि बहुतेकांना आधी कुणीतरी "तुमची ताकद उत्तम आहे" असं सांगून परत पाठवलेलं असतं. ताकद वेगळी आणि ती किती झटकन उभी करता येते हे वेगळं. वयाबरोबर ही दुसरी गोष्ट पहिलीच्या आधी आणि जास्त वेगाने घटते.

मांडीच्या स्नायूला पूर्ण जोर लावायला साधारण ३०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. वजन ढकलताना तो वेळ हाताशी असतो, अगदी दोन सेकंद घेतले तरी कुणी विचारत नाही. पाय घसरला किंवा शटलकडे झेपावायचं असलं की पहिल्या २०० मिलिसेकंदांत जेवढा जोर उभा राहील तेवढ्यावर भागवावं लागतं. यंत्रावरच्या वजनाच्या आकड्यात हा फरक दिसतच नाही. त्यामुळे आकडा तोच आणि पाय उशिरा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू उभं राहणं, चालणं दिवसभर सांभाळतात आणि सहसा थकत नाहीत. जलद तंतू झटक्यात आकुंचन पावतात, भरपूर जोर देतात आणि लवकर दमतात. वयाबरोबर बारीक होतात ते मुख्यतः जलद तंतू. स्वीडनमध्ये लेक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मोठ्या चिकाटीचं काम प्रसिद्ध केलं. १५ ते ८३ या वयांत मरण पावलेल्या, एरवी निरोगी पुरुषांच्या मांडीचा बाहेरच्या बाजूचा सबंध स्नायू आडवा छेदून त्यांनी त्यातल्या तंतूंचा हिशेब मांडला. झीज पंचविशीच्या आसपासच सुरू झालेली दिसली. पन्नाशीपर्यंत ती सावकाश होती, पुढे वेग वाढला, आणि विशी ते ऐंशी या काळात स्नायूचं क्षेत्रफळ साधारण ४० टक्क्यांनी घटलेलं होतं. तंतू नुसते बारीक झाले नव्हते, त्यांची संख्याच कमी झाली होती. ती का कमी होते याचं उत्तर बऱ्याच अंशी स्नायूला चालवणाऱ्या मज्जातंतूत आहे. त्याबद्दल मेरुमणी लिहितील तर बरं होईल.

चांदणचुरा

पंचविशीपासून! आणि आपण पन्नाशीत जागे होतो.

मेरुमणी

लिहितो. मी न्यूरॉलॉजीत काम करतो.

मज्जारज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले सगळे स्नायुतंतू मिळून एक तुकडी होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीकडे दहाएक तंतू असतात, पोटरीत हजाराच्या वर. म्हणून डोळा केसभर हलवता येतो आणि पोटरी सगळ्या शरीराचं वजन उचलते. साठीनंतर या चेतापेशींची संख्या ठळकपणे घटते, आणि जलद तंतू सांभाळणाऱ्या मोठ्या पेशींना त्याची झळ जास्त बसते. शाळेतले एक शिक्षक निवृत्त झाले आणि जागा भरली नाही, की शेजारच्या वर्गाचे शिक्षक जमतील तेवढी मुलं आपल्या वर्गात घेतात. इथेही तसंच होतं. शेजारची पेशी नवे फाटे फोडून पोरक्या तंतूंना आपल्याकडे घेते. ज्यांना कुणी घेत नाही ते सुकतात. संथ पेशीच्या हाताखाली गेलेले जलद तंतू कालांतराने संथ होतात.

याने बरीच ताकद वाचते, पण तुकड्या थोड्या आणि मोठ्या उरतात. जोर बारीक पायऱ्यांनी वाढवता-कमी करता येत नाही, म्हणून सुईत दोरा ओवताना किंवा भरलेला चमचा स्थिर धरताना हात पूर्वीइतका नेमका राहत नाही. शिवाय झटका द्यायच्या क्षणी चेतापेशी जितक्या भराभर संकेत सोडायला हव्यात तितक्या सोडत नाहीत, म्हणून जोर चढायला उशीर होतो.

आता "निरोप पोचायला वेळ लागतो का" हा प्रश्न. हिशेबच करू. निरोगी माणसाच्या पायाकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूतून संकेत सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने जातो. अंतर दीड मीटर धरलं तर ३० मिलिसेकंद. वयामुळे हा वेग समजा १० टक्क्यांनी कमी झाला, तर तीन-साडेतीन मिलिसेकंदांचा फरक. एवढ्याने शटल चुकत नाही. साध्या इशाऱ्याला प्रतिसाद द्यायला तरुण माणसालाही २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यातला मोठा हिस्सा मेंदूत खर्च होतो: बघणं, ओळखणं, काय करायचं ते ठरवणं. पर्याय जितके जास्त तितका वयाचा परिणाम ठळक. आणि अनवट म्हणतात तसं, डावीकडे निघालेलं शरीर उजवीकडे न्यायचं तर आधी पहिला हुकूम रद्द करावा लागतो. हे रद्द करणंही वयाबरोबर मंदावतं.

म्हणजे वाटेत फारसं अडत नाही. अडतं ते दोन टोकांना: वर निर्णय घेताना, आणि खाली जोर उभा करताना.

अनवट

दोघांचेही मनापासून आभार. "दोन टोकांना" हे वाचून पहिल्यांदा नीट उलगडा झाला.

आडरस्ता

मला यातलं बरंचसं पटत नाही. माझ्या मते ही सगळी बसून राहण्याची फळं आहेत आणि आपण ती वयाच्या खात्यावर टाकतो. २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता: निरोगी, हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतलं जवळपास १ किलो मांस गेलं. दहा दिवसांत! आता जो माणूस वीस वर्षं खुर्चीत बसून काम करतो त्याच्याबद्दल काय बोलायचं? उलट मान कौर बघा. त्र्याण्णवाव्या वर्षी पळायला लागल्या आणि १०१ व्या वर्षी, २०१७ साली, ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्णपदक घेतलं. फौजा सिंग शंभराव्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण करून आले. वय हे निमित्त आहे.

मेरुमणी

आडरस्ता, अंथरुणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. वयस्कर माणूस आठवडाभर आजारात पडून राहिला की तो उठल्यावर घरचे म्हणतात "एकदम म्हातारे दिसायला लागले". ते खरंच असतं, आणि तरुणपणी जितक्या सहज भरून येतं तितक्या सहज ते भरून येत नाही. म्हणून रुग्णालयात शक्य तितक्या लवकर रुग्णाला उभं करायचा आमचा आग्रह असतो.

पण वय निव्वळ निमित्त नाही. जपानचे हिदेकिची मियाझाकी घ्या. शंभराव्या वर्षी, २०१० साली, ते १०० मीटर २९.८३ सेकंदांत धावले. १०५ व्या वर्षी, २०१५ साली, त्यांना त्याच अंतराला ४२.२२ सेकंद लागले. माणूस तोच, धावण्याची जिद्द तीच, अंतर तेच. मधल्या पाच वर्षांत जे गेलं ते आळसाने गेलं असं कसं म्हणणार? बसून राहिल्याने उतार तीव्र होतो, पण हालचाल केल्याने तो सपाट होत नाही. दोन्ही धरून चाललं पाहिजे, नाहीतर आयुष्यभर व्यायाम केलेल्या माणसाला सत्तरीत आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं.

आडरस्ता

हे उदाहरण चांगलं आहे. तरी माझं म्हणणं राहतं की शंभरातल्या नव्वद जणांचा प्रश्न अजून मियाझाकींच्या टप्प्यावर पोचलेलाच नसतो. त्यांचा प्रश्न खुर्ची हाच आहे.

सांधेजोड

याला माझं अनुमोदन.

ओंजळ

थोडं अवांतर. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, तब्येत ठणठणीत. पण चालताना त्यांच्याशी बोललं की त्या थांबतात, उत्तर देतात आणि मग पुढचं पाऊल टाकतात. आम्हाला वाटायचं, बोलण्यात त्यांना रस वाटतो म्हणून थांबतात. याचाही या विषयाशी संबंध आहे का?

मेरुमणी

आहे, आणि चांगलाच. तरुण माणसाचं चालणं बहुतेक करून आपोआप चालतं, मेंदूचा वरचा थर मोकळा राहतो. वयाबरोबर तळपायाची जाणीव, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, नजर, तिन्हीकडून येणारी माहिती थोडी थोडी कमी होते आणि चालण्याकडे लक्ष द्यावं लागतं. मग बोलणं आणि चालणं एकाच लक्षावर हक्क सांगतात. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांचं एक छोटं टिपण आलं होतं: चालताना बोलायला लागलं की जे वृद्ध थांबतात, ते पुढच्या काही महिन्यांत पडण्याची शक्यता जास्त. साधं निरीक्षण, पण तेव्हापासून आम्ही रुग्णाला चालायला लावून मुद्दाम गप्पा मारतो.

सासूबाई थांबतात हे त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचं आहे. त्यांना थांबू द्या. त्या जिन्यावर असताना मात्र मागून हाक मारू नका, त्या खाली पोचल्या की बोला. आणि एकदा त्यांचा तोल तपासून घ्या.

ओंजळ

हाकेबद्दल घरात सगळ्यांना सांगते. जिन्यावर असताना त्यांना फोन करणारेही आम्हीच असतो.

पिंपळपार

तळपायाच्या जाणिवेवरून लिहितो. वडिलांचं, वय ७१. वर्षभर ते म्हणत होते की पाय जड झालेत, वेग राहिला नाही. आम्ही सगळे "वय झालं" म्हणत होतो. मग एका डॉक्टरांनी तपासताना त्यांना डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला आणि किंचित वर केला, मग खाली, मग पुन्हा खाली. प्रत्येक वेळी विचारायचे, "आता कुठे?" बाबा पूर्ण आत्मविश्वासाने सांगत होते, "वर". अंगठा खाली असायचा. मी शेजारी उभा राहून बघत होतो आणि मला घाम फुटला. म्हणजे पाय नेमका कुठे आहे हे त्यांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नव्हतं. अंधारात न्हाणीघरात जाताना भिंतीला हात का लावतात, तोंड धुताना डोळे मिटले की का झोकांडतात, याचा तिथे उलगडा झाला.

रक्त तपासलं तर बी-१२ फारच कमी. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू होतं. इंजेक्शनं सुरू केली. जाणीव पूर्ण परत आलेली नाही, पण चालणं बरंच सुधारलं आहे.

मेरुमणी

पिंपळपार, हे लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद. या धाग्यावरचा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद मला हाच वाटतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी-१२ अधूनमधून तपासावं. कमतरता लांबली तर मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचे तंतू खराब होतात, म्हणजे सांध्यांची स्थिती मेंदूला कळवणारे. जितकं लवकर सापडेल तितकं जास्त परत मिळतं.

वयाचा संथपणा दोन्ही बाजूंना साधारण सारखा असतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू येतो. एकच हात चालताना हलत नाही, अक्षर बारीक होत चाललंय, एकच पाय फरपटतो, तर पार्किन्सनचा विचार करावा लागतो. शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली आणि पाय ताठरले, तर मानेत मज्जारज्जूवर दाब आहे का ते बघावं लागतं, कारण तो वेळेत काढला तर पुढचं नुकसान थांबतं. काही आठवड्यांत झपाट्याने वेग गेला तर ते वय नव्हेच. झोपेच्या गोळ्या, काही रक्तदाबाच्या गोळ्या, उठल्याबरोबर रक्तदाब पडणं, हीसुद्धा नेहमीची कारणं. "वय झालं" हे निदान सगळं तपासून झाल्यावर करायचं असतं. आधी केलं तर पिंपळपार यांच्या वडिलांसारखं वर्ष वाया जातं.

कुतूहल_फार

मी वाचलं होतं की म्हातारपणी मज्जातंतू जिथे स्नायूला जोडला जातो ती जागाच विस्कटते. ते कुणी लिहिलं नाही?

मेरुमणी

ते उंदरांत फार स्पष्ट दिसतं, म्हणून पुस्तकांतही आलं. माणसांबद्दल २०१७ साली चांगलं काम झालं. शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या पायांच्या स्नायूंमधले हे जोड संशोधकांनी तपासले, तेव्हा वयस्करांतही ते आश्चर्य वाटावं इतके शाबूत होते. त्यामुळे उंदराचं चित्र जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही.

लेखणीबहाद्दर

मेंदूच्या टोकाबद्दल एक आशादायक गोष्ट. १९८४ साली टिमथी सॉल्टहाऊस यांनी वेगवेगळ्या वयांच्या टायपिस्टांचा अभ्यास केला होता. वयस्कर टायपिस्टांची बोटं नुसत्या इशाऱ्याला प्रतिसाद द्यायला सावकाश होती, तरी टायपिंगचा वेग तरुणांइतकाच! कारण ते मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत होते. पुढचं दिसायचं बंद केलं की त्यांचा वेग घसरायचा.

मी स्वतः टेबल टेनिस खेळते, वय ६१. चेंडू बघून हलण्यापेक्षा समोरच्याचं मनगट आणि खांदा बघून हलते. तरुण मुलं माझ्यापेक्षा जलद आहेत, पण मी त्यांच्याआधी निघते.

एकांडा_गडी

लेखणीबहाद्दर, तुमच्याशी खेळायला येणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो. :)

सांधेजोड

लेखणीबहाद्दर म्हणतात ते अनवट यांना लगेच वापरता येईल. समोरचा शटल मारणार त्या क्षणी जागच्या जागी छोटी उडी घेऊन दोन्ही पायांच्या चवड्यांवर उतरायचं. चांगले खेळाडू हे सतत करतात. उतरताना पोटरी आणि मांडी आधीच ताणली जाते, त्यामुळे निघताना शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. वयाबरोबर ही उडी नकळत बंद होते. स्वतःचा खेळ मोबाइलवर चित्रित करून बघा.

आता गेलेलं परत मिळतं का याबद्दल. १९९० साली अमेरिकेत फियाटारोने आणि सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहात राहणाऱ्या, ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त लोकांना मांडीसाठी चांगलं जड वजन उचलायला लावलं. आठ आठवडे. ज्यांनी पूर्ण केलं त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. स्नायू अजून फारसा जाड झालेला नसतो, पण जे तंतू आहेत त्यांना जास्त संख्येने आणि एकदम कामाला लावायला मेंदू आणि मज्जारज्जू शिकलेले असतात.

आणि "चालायला जा" एवढंच का पुरत नाही? हेनेमन यांनी १९६५ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो. शरीर आधी छोट्या, संथ तुकड्या कामाला लावतं. मोठ्या, जलद तुकड्यांना हाक जाते ती जोर किंवा वेग खूप लागला तरच. सपाटीवरच्या निवांत चालण्यात ती वेळ जवळजवळ येत नाही. कुणी वर्षानुवर्षं नुसतं चालत असेल तर हृदयाला, मनाला, साखरेला त्याचा फायदा आहेच, मी कुणाचं चालणं सोडायला सांगत नाही. पण ज्या तंतूंमुळे घसरताना पाय पुढे पडतो ते तंतू त्या काळात बसूनच आहेत. त्यांना काम द्यायचं असेल तर वेग मागावा लागतो.

थोरली

सांधेजोड, आदर ठेवून विचारते. माझं वय ७०, दोन्ही गुडघ्यांत झीज. तुमचं वाचून माझ्यासारखीने उद्या उड्या मारायला सुरुवात केली आणि मोडून घेतलं तर? वेग-वेग म्हणताना आमच्या वयाचा विचार व्हायला हवा.

सांधेजोड

थोरलीताई, रास्त प्रश्न. उड्या तुमच्यासाठी नाहीत. जलद तंतूंना हाक जायला शरीर प्रत्यक्ष वेगाने हललंच पाहिजे असंही नाही. "झटकन करायचं" या इराद्याने जोर लावला तरी बरंच काम होतं.

मी तुमच्या वयाच्या मंडळींना काय करायला लावते ते सांगते. भिंतीला टेकवलेली, हलणार नाही अशी खुर्ची. समोर ओट्याचा किंवा टेबलाचा आधार. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, कंबरेतून पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की मग एका झटक्यात उठायचं. बसताना मात्र तीन मोजत, सावकाश. धपकन बसू नका. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. पाच-सहा वेळा केल्यावर वेग मंदावला की थांबायचं. दमून सावकाश केलेल्या उठाबशांचा या कामाला उपयोग नाही. नंतर ओट्याला धरून चवड्यांवर झटकन उठणं आणि हळू उतरणं.

तोल वेगळा सांभाळावा लागतो. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था. तिच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र बघितल्या होत्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटतं असं दिसलं, आणि त्यात खात्रीचा फायदा तोल व रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याबद्दल तसं खात्रीने म्हणता आलं नाही. हाडं ठिसूळ असतील, छातीत दुखत असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारून.

थोरली

खुर्चीचं जमेल असं वाटतं. नाक बोटांच्या वर आणायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. आत्ता उठून पाहिलं, गुडघ्यावर भार कमी येतो.

कुतूहल_फार

घरच्या घरी आपण कुठे आहोत हे कसं कळेल?

मेरुमणी

स्नायूंची झीज ओळखायला आशियाई देशांसाठी २०१९ मध्ये ठरलेले निकष सोपे आहेत. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, किंवा नेहमीच्या चालीचा वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी असला, तर स्नायूंकडे लक्ष द्यायला हवं. दुसरी चाचणी म्हणजे एका पायावर १० सेकंद उभं राहणं. २०२२ साली ब्राझीलमधल्या १,७०२ लोकांवरचा अभ्यास आला. ५१ ते ७५ वयांत ज्यांना हे जमलं नाही त्यांच्यात पुढच्या सातेक वर्षांत मृत्यूचा धोका ८४ टक्के जास्त दिसला. याचा अर्थ एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यात इतर आजारही जास्त होते. पण न जमणं ही तपासणी करून घेण्याची खूण आहे. करताना भिंतीजवळ उभे राहा.

चांदणचुरा

आम्ही दोघांनी करून पाहिलं. डावा पाय मस्त, उजवा डळमळला. उजव्याचा घोटा दोन वर्षांपूर्वी मुरगळला होता, त्यामुळे असेल का?

सांधेजोड

बहुधा तेच. मुरगळलेल्या घोट्याच्या अस्थिबंधातली (हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांतली) स्थितीची जाणीव आपोआप पूर्ण परत येत नाही. त्याच पायावर रोज थोडा वेळ उभ्या राहा, जमायला लागलं की मान डावी-उजवीकडे फिरवत.

पिंपळपार

प्रथिनांबद्दल कुणी काही सांगाल का? बाबांचं जेवण फार कमी झालंय.

मेरुमणी

वयस्कर स्नायू प्रथिनांना तरुण स्नायूइतका प्रतिसाद देत नाही, म्हणून ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. सर्वसाधारण प्रौढांसाठी ०.८ धरतात. सगळं एका जेवणात न घेता दिवसभरात विभागून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही. बाबांना मधुमेह आहे, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून डॉक्टरांशी बोला. आणि भूक कशामुळे गेली तेही शोधायला सांगा.

अनवट

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. स्वतःचा खेळ चित्रित करून बघितला. सांधेजोड यांनी म्हटलं तसं, समोरचा मारतो त्या क्षणी मी टाचांवर सपाट उभा असतो. उडी कधी बंद झाली ते कळलंच नाही. आता प्रश्न असा की वजनं सोडून वेगावर भर द्यायचा का? आणि कोर्टवरच उड्या, धावा वाढवल्या तर चालेल?

सांधेजोड

वजनं सोडू नका. वेगाला पाया ताकदीचाच लागतो. आठवड्यात एक दिवस जड वजन नेहमीसारखं, आणि एक दिवस तुमच्या कमाल वजनाच्या निम्म्याच्या आसपास, पण वर ढकलताना जितकं झटकन जमेल तितकं झटकन. मोजक्या आवर्तनांत, मध्ये पूर्ण विश्रांती घेऊन. हे खेळाच्या आधी ताज्या अंगाने करायचं, खेळून दमल्यावर नाही. दिशा बदलायचा सराव जोडीदाराच्या इशाऱ्यावर करा: त्याने ऐनवेळी हात दाखवायचा आणि तुम्ही त्या बाजूला निघायचं. कुठे जायचंय ते आधीच ठाऊक असलेल्या धावांनी निर्णयाच्या टोकाचा सराव होत नाही.

उड्यांबद्दल सावध. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, टाचेमागचा जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) त्याहून बराच सावकाश. मधल्या वयातले पुरुष बॅडमिंटनसारख्या खेळात एकदम जोर वाढवतात आणि नेमका तोच तुटतो. आधी महिना-दीड महिना फक्त चवडे उचलणं, पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली सोडणं. मग छोट्या उड्या, दोन दिवसांआड. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेमागे ताठरपणा किंवा दुखणं जाणवलं तर त्या दिवशी उड्या बंद, आणि ते आठवडाभर राहिलं तर दाखवून घ्या.